पडलेल्या खेळाडूचा नियम

पेंडसेकाकांकडे शनिवारी दुपारी गेलं की चहाच्या आधी हातात शिट्टी यायची. "घे, आज तू पंच. तेरावा नियम बदललाय," म्हणत ते मला जेवणाच्या टेबलाशी ओढून नेत. टेबलावर ताटं कधीच नसत. तिथं पत्र्याचं हिरवं मैदान मांडलेलं असे आणि त्यावर बोटभर उंचीचे प्लास्टिकचे बावीस खेळाडू. बटण दाबलं की खालची मोटर गुरगुरायची, पत्रा थरथरायचा आणि खेळाडू आपोआप सरकायला लागायचे. अमेरिकन फुटबॉल म्हणे. चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं करायचं.

काका ब्रिस्टलमध्ये विमानांच्या कंपनीत माझे सीनियर होते. मूळचे साताऱ्याचे, खेळांशी संबंध शून्य. इंग्लंडमध्येच वाढलेला, मोडकंतोडकं मराठी बोलणारा मुलगा रोहन मँचेस्टरला युनिव्हर्सिटीच्या टीममधून हा खेळ खेळायचा, तेव्हा "शिकायला गेलायस की दंगली करायला?" असं म्हणून त्यांनी त्याची एकही मॅच पाहिली नव्हती. शेवटच्या वर्षी एका मॅचमध्ये रोहनचा मणका दुखावला आणि पाय गेले. व्हीलचेअरवर घरी आला तो खालच्या खोलीत शिरला आणि दार लावून बसला. जेवण आत, मित्रांचे फोन बंद, बाहेर पाऊल टाकायचा तर प्रश्नच नव्हता.

त्याला बाहेर काढायला म्हणून काकांनी कार बूट सेलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारातून, हा खेळ आणला. पहिल्या दिवशी रोहननं दार जरासं उघडून पाहिलं. "बाबा, ही फुटबॉल नाहीये. सगळे नुसती गोल गोल फिरतात," एवढं बोलून त्यानं दार लोटलं.

त्या एका वाक्यावर काकांनी दोन वर्षं काढली. खेळासोबत आलेल्या नियमांत पळणाऱ्याला नुसता धक्का लागला की डाव संपायचा. काकांनी ठरवलं, समोरून लागला तरच संपेल. मग खेळ मध्येच थांबवून खेळाडूंची तोंडं वळवायची मुभा दिली, कारण "खरा माणूस पळताना विचार करतो की नाही?" काकूंच्या पीठ मोजायच्या काट्यावर एकेक खेळाडू तोलून, बुडाला शिसं लावून दांडगे वेगळे आणि चपळ वेगळे केले. प्रत्येक नवा नियम कागदावर लिहून रोहनच्या दाराखालून आत सरकवायचा. आतून उत्तर येत नसे. मी म्हणायची, "काका, आता बराच खऱ्यासारखा झालाय." ते चिडायचे. "अगं, खऱ्यासारखा नको, खरा हवा. नाहीतर तो येणार नाही."

एकदा शेजारच्या बाईंनी आवाजाची तक्रार केली, तर काकांनी मैदानाखाली रबर घातलं. बटण दाबलं आणि बावीसच्या बावीस जण ढिम्म उभे! विमानाच्या पंखांची थरथर मारण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं सवयीनं हीही थरथर मारली होती. मी पोट धरून हसले. काका हसले नाहीत. ते रोहनच्या दाराकडे बघत होते.

मग मार्चमधल्या एका शनिवारी एक जड गडी पळणाऱ्यावर आदळला आणि पळणारा आडवा झाला. "उचल, बाजूला ठेव, दुसरा घाल," काका म्हणाले. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "पडलेला प्लेअरचा रूल काय आहे?"

रोहन दारात होता. काकांनी नियमांची वही चाळली, पुन्हा चाळली. एवढ्या नियमांत तो एक नव्हता. "बाजूला ठेवायचा," ते हळूच म्हणाले.

"असा नाही होत. मी पडलो तेव्हा सगळे थांबले. दोन्ही टीम, गुडघ्यावर. कोणी मला हलवला नाही. यू जस्ट वेट." मग तो म्हणाला, "तू तिथे असता तर तुला माहीत असता, बाबा." खुर्ची वळली आणि दार बंद झालं.

काकांनी त्याच दिवशी नियम लिहिला आणि दाराखालून सरकवला. 'खेळाडू पडला तर बटण बंद. दोन्ही बाजूंनी थांबायचं. वेळेची मर्यादा नाही.' त्यानंतर त्यांनी मोटर लावलीच नाही. पुढचे पाच शनिवार मी शिट्टी घेऊन त्या मुक्या मैदानासमोर बसले. पडलेला तसाच पडलेला. "काका, किती वेळ?" "नियम वाच," ते म्हणायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही. सहाव्या शनिवारी मी खोटं बोलले, ऑफिसचं काम आहे म्हणून. गेले नाही. सोमवारी काकूंचा फोन आला. काका टेबलाशी बसल्या बसल्याच गेले होते.

अंत्यसंस्कारानंतर घरी गेले तेव्हा काकूंनी नुसतं जेवणघराकडे बोट केलं. टेबलाशी रोहन बसला होता. मांडीवर काकांनी लिहिलेले सगळे कागद, दोन वर्षांचे, नीट लावलेले. ज्यासाठी त्या माणसानं जिवाचं रान केलं ते समोर घडत होतं आणि काकांची खुर्ची रिकामी होती. काय करावं ते न कळून मी मैदानाच्या बटणाकडे हात नेला.

"नको, ताई," रोहन म्हणाला. "बाबा पडलाय."

मी काकांच्या खुर्चीत बसले. आम्ही दोघं थांबून राहिलो.