घराचा पत्ता, फक्त माझ्या मोबाइलवर

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, बघायला आलेल्या मंडळींनी आधी दुसरीच मुलगी पसंत केली, आणि त्याला जबाबदार होता मोबाइलचा ब्राउझर. (घरचे अजून माझं नाव घेतात. घरच्यांना तंत्रज्ञान कळत नाही!)

मी तेव्हा मध्य प्रदेशात, देवासच्या एका कारखान्यात नोकरीला होतो आणि नुकताच वॅपवाला मोबाइल घेतला होता. वॅप म्हणजे छोट्या फोनांवरचं जुनं इंटरनेट. चार ओळी मजकूर, ना चित्र ना रंग, पण माझा थाट संस्थानिकाचा! खपून खपून मी त्यावर आमच्या घराचं पान बनवलं. पत्ता, खुणा, वळणं, सगळं त्यात. त्यामुळे धारहून मुलाच्या वडिलांनी पत्ता विचारला तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "काका, लिहून कशाला घेता? साइट उघडा!"

मुलगा सॉफ्टवेअरवाला. मुलगी बघून त्याला संध्याकाळी इंदूरहून बंगलोरची गाडी गाठायची होती, आणि तिथून थेट परदेश. म्हणजे आज नाही तर नाहीच. सुमीला तर त्याचा फोटो इतका आवडला होता, की रविवारी सकाळपासून ती साडीवर साडी बदलत होती.

मंडळी सकाळी जीपने यायची होती. दुपार झाली. आई ओट्यापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत होती, पोहे पुन्हा पुन्हा गरम होऊन त्यांचा चिवडा होत आला होता. अप्पा दिसेल त्या जीपला हात करत होते. (एक थांबलीही. तिला उज्जैनच्या सवाऱ्या हव्या होत्या.)

अखेर फोन वाजला. मुलगाच होता. (माळव्यात 'भैया'चा 'भिया' होतो.)

"भिया, तुमची साइट खुलत नाही. फाइल उतरवू का विचारते, उतरवली तर उघडत नाही."

"फोन कुठला?"

"नवा आहे. याचा ब्राउझर वॅप घेत नाही."

"घेत नाही म्हणजे? घ्यायलाच पाहिजे!"

"कशाला? वॅप तो गया, भिया! जुनं ओझं ब्राउझरने किती दिवस वाहायचं?"

माझं डोकंच सटकलं. "ओझं? उद्या बदनावरच्या मंडीतला सोयाबीनचा भाव लोक याच फोनवर बघतील! त्यांनी काय तुमच्यासारखे ताटाएवढे फोन घ्यायचे?"

"त्यांचेही फोन बदलतील ना!"

"आणि तोवर आमची पानं फेकून द्यायची?"

"अरे मेल्या, पत्ता सांग!" आई ओरडली.

"थांब गं! मुद्द्याचं चाललंय!"

तेवढ्यात पलीकडे त्याच्यामागून आलेल्या वडिलांनी फोन घेतला. "नमस्कार. मुलगी पाहिली. आमच्या मंडळींस पसंत आहे, पोहेही उत्तम. परंतु मुलीस दोन मुले आहेत, हे आपण कळविले नव्हते!"

मी खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. कॉलनीचं नाव तेवढं माहीत, साइट उघडेना, म्हणून त्यांनी आमच्या कॉलनीत येऊन "महाराष्ट्रीयन घर कुठलं?" असं विचारलं होतं. अख्खी कॉलनी कारखान्यांसाठी आलेल्या महाराष्ट्रीयांची! रविवारी घरोघरी पोहे, आणि पाहुण्याला बसवून खायला घातल्याशिवाय "आपण कोण?" विचारायची पद्धत नाही. ते शिरले जोशीकाकूंकडे. माहेरपणाला आलेल्या त्यांच्या लेकीने बशा आणून दिल्या. तिच्या पदराला लोंबकळणारी पोरं बघून मुलगा तेवढा बाहेर सटकला आणि त्याने मला फोन लावला.

सुमीने माझ्या हातातून फोन हिसकावला. "तिथून निघा. टेकडीकडे पाठ करून सरळ या, पाण्याच्या टाकीशी डावीकडे वळा. हिरव्या फाटकाशी मी उभी आहे."

आणि ही बया खरंच जाऊन रस्त्यात उभी राहिली! अप्पांनी कपाळाला हात लावला. जीप आली. मुलगा उतरला, घड्याळ बघितलं, सुमीकडे बघितलं आणि पुन्हा घड्याळ बघायचं विसरला.

"मला पसंत आहे," तो म्हणाला.

"मलाही. आता निघा, गाडी चुकेल!" सुमीने पोह्यांचा डबा त्याच्या हातात कोंबला. मी खांबाआड उभा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते कुणाला दिसू दिलं नाही.

तो परतल्यावर लग्न देवासलाच ठरलं. मी कार्यालयाच्या पत्त्याचं पान बनवायला बसलो, तर दोन्हीकडच्या मंडळींनी एकमुखाने नाही म्हटलं. त्याऐवजी लग्नाच्या दिवशी मला भर चौकात, उन्हात, हातात बाणाची पाटी देऊन उभं केलं. नवरदेवाची गाडी माझ्यापाशी येऊन थांबली. काच खाली झाली. मुंडावळ्या बाजूला सारून, माझ्या पाटीकडे बोट दाखवत तो म्हणाला,

"भिया, ये सब पे चलता है!"