डाव्या कानाचं ऊन

२०२४ साल. होळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी दहालाच नरपडच्या वाळूत अनवाणी पाय ठेवता येत नव्हता.

आमचा मांडव म्हणजे सहा बांबू आणि वर झावळ्या. तिथे ढोबळी मिरची निवडायची, खोकी भरायची. टेम्पो आला की खोकी जातात, बोलणं मागे राहतं. पन्नास वर्षांत किती साठलं ते मोजलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, लिहायचा कंटाळा आहे. पण त्या उन्हाळ्यातलं सगळं माझ्या एका कानाभोवती जमलं, म्हणून सांगायला सोपं.

*

मिरचीला ऊन लागतं. फळावर पांढरा डाग पडतो, मग तो कागदासारखा सुकतो आणि मार्केटला कुणी घेत नाही. म्हणून मी मिरचीवर शेडनेट घातलं. हिरवी जाळी, लोखंडी पाइप. जयंतीभाईंनी सांगितलं तसं. जयंतीभाईंचं डहाणूला खता-औषधांचं दुकान आहे, आमची चाळीस वर्षांची ओळख.

मी रोज एकेक फळ उलटून बघायचो. डाग दिसला की बाजूला.

निवडायला लाडकी असते. तलासरीकडची. वीस वर्षं माझ्याकडे कामाला येते. बोलते कमी, पण बोलली की दिवसभर पुरतं. त्या दिवशी तिने डागाची एक मिरची उचलली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिरचीकडे पाहिलं.

"काका, ही बाजूला काढली. तुमचा कान कुठे ठेवू?"

मांडवातले सगळे खाली मान घालून हसले. मी आरशात पाहिलं. डाव्या कानाच्या वरच्या कडेला नखाएवढा खरखरीत डाग. सालं निघत होती. मिरचीसारखाच.

*

सून स्मिता मला डहाणूला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणजे पोरगीच. भिंग लावून तिने कान पाहिला आणि विचारलं, उन्हात किती वेळ असता?

मी म्हटलं, दहाव्या वर्षापासून.

"सावलीत कधी बसता?"

"जेवताना."

तिने सांगितलं, अकरा ते चार ऊन घ्यायचं नाही. मोठ्या काठाची टोपी घालायची. क्रीम लावायचं, दोन्ही कानांना, नाकाला, मानेला. पावसाआधी पुन्हा यायचं. डाग वाढला असेल तर तेवढा तुकडा कापून तपासायला पाठवू.

किती कापणार विचारलं, तर तिने करंगळीचं अर्धं पेर दाखवलं.

हाच कान मास्तरांनी चौथीत धरून पिरगळला होता. मी शाळा सोडली, कान सोडला नाही. आणि आता ही पोरगी तो कापून पाकिटात घालून पाठवणार होती. बाहेर आल्यावर स्मिताला म्हणालो, डॉक्टर बरी आहे, पण कान मिळणार नाही.

*

स्मिता कोसबाडला शाळेत शिकवते. तिने क्रीमची ट्यूब आणली, तिची किंमत मी विचारली नसती तर बरं झालं असतं. दोन बोटांवर लांब रेघ काढायची, मग तोंडाला लावायचं, दोन-तीन तासांनी परत. मी हिशोब केला. ट्यूब आठ दिवसांत संपली असती.

मग मी फक्त डाव्या कानाला लावायला लागलो. महिनाभर पुरेल असं. एक कान पांढरा, एक काळा.

जयंतीभाई वाडीत आले, दोन्ही बाजूंनी मला बघून म्हणाले, "काका, अर्धाच रंग काढला? कारीगर भागी गयो के?"

स्मिताने रागावून सांगितलं, "बाबा, ऊन दोन्हीकडून येतं."

मी म्हटलं, तुझ्या शाळेत येत असेल. माझ्या कानाला एकाच बाजूने आलं. नरपडहून डहाणूला मी सकाळी सायकलने जातो, तेव्हा सूर्य डाव्या हाताला. दुपार कलली की परत येतो, तेव्हा सूर्य समुद्रावर, तोही डाव्याच हाताला. पन्नास वर्षं असंच. उजव्या कानाने ऊन पाहिलंच नाही.

स्मिताने तोंड उघडलं, हाताने दिशा लावून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा शाळेतलं माणूस माझ्यापुढे गप्प झालं. क्रीम मात्र तिने त्या दिवसापासून स्वतःच्या हाताने दोन्ही कानांना लावलं.

*

टोपीचं दुखणं वेगळं. मी गांधी टोपी घालतो. ती डोकं झाकते, कान झाकत नाही. पण ती माझ्या बापाने घातली, मी घातली. काठाची टोपी घालून फिरायला मी किनाऱ्यावर फोटो काढायला आलेला पाहुणा नाही.

जयंतीभाईंनी फुकटची एक टोपी दिली. कंपनीने दुकानदारांना वाटलेली. पिवळी, चारी बाजूंनी काठ. फुकटची म्हणून घेतली. चिखल्याला भर दुपारी लग्न होतं. डॉक्टरने काठाची टोपी सांगितलेली, म्हणून तीच घालून गेलो.

मांडवात शिरलो तर बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग पुरुष. नवरामुलगासुद्धा. काय झालं ते बघायला मी टोपी काढली. तसे ते जास्त हसले.

टोपी तणनाशकाची होती. पुढे मोठ्या अक्षरात छापलेलं: एकदा फवारा, पुन्हा काही उगवणार नाही.

माझ्या डोक्यावर पस्तिसाव्या वर्षापासून एक केस नाही.

टोपी परत द्यायला गेलो तर जयंतीभाई म्हणाले, तुम्ही घातल्यापासून दोन गिऱ्हाइकं त्याच औषधाची चौकशी करून गेली, राहू द्या.

*

मे लागला. ट्यूब संपली. स्मिता चार दिवस माहेरी गेली होती. आता मिरचीवर फवारायला एक पांढऱ्या मातीची पावडर मिळते. पाण्यात कालवून मारली की पानं पांढरी होतात आणि ऊन लागत नाही. मी विचार केला, ट्यूबमध्ये पांढरंच आहे, गोणीत पांढरंच आहे. जे मिरचीला चालतं ते मालकाला का चालू नये?

खोबरेल तेलात कालवली आणि कान, नाक, मान माखली. मला पाहून निवडणाऱ्या तिघीचौघींनीही नाकाला लावली. लाडकीने लावली नाही. तासाभरात पावडर वाळून आवळायला लागली. मला तोंड हलवता येईना. टेम्पोवाला आला, आम्हाला रांगेत बसलेलं पाहून मांडवाच्या कडेलाच थांबला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

तेवढ्यात स्मिता परत आली. तिने आधी मला धुवायला पाठवलं, मग गोणी वाचली. मोठ्याने वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. शेवटी छापलं होतं, लहान मुलांपासून दूर ठेवा.

लाडकी मिरचीवरची नजर न काढता म्हणाली, "काकांपासून पण लिहा."

*

दुसऱ्या दिवशी लाडकी येताना इरलं घेऊन आली. बांबूच्या पट्ट्यांची चौकट, त्यात पळसाची पानं दाबून बसवलेली. डोक्यावरून कमरेपर्यंत पाठ झाकतं, हात मोकळे राहतात. पूर्वी भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, सगळे हेच घालायचे. हे तिच्या आईचं होतं.

मी म्हटलं, हे पावसाचं आहे.

"पाऊस वरूनच येतो ना? मग ऊन कुठून येतं?"

घातलं. कान झाकले, मान झाकली, वारा आत फिरत होता. शिवाय त्याच्यावर काही छापलेलं नव्हतं. तीन दिवस मी ते घालून बांधावर उभा राहिलो.

चौथ्या दिवशी शेडनेटच्या दारातून आत शिरलो. दार बुटकं आहे. सगळे वाकून जातात. मी स्वतःच्या वाडीत वाकत नाही. इरल्याची कड पाइपला लागली, आणि जुनी सुकलेली पानं पापडासारखी मोडली. चौकट मधून दुभंगली.

लाडकी आली. तुकडे गोळा केले. मी म्हटलं, पैसे घे, नवं आण.

"आईचं इरलं विकत मिळत नाही, काका. आवणीआधी करून द्या. तुमच्या हातचं."

मी कुणाचं देणं ठेवत नाही. हो म्हटलं.

बांबू तिने आणून दिला, पानंही. आणि नियम सांगितले. पान उन्हात धरलं की फाटतं, म्हणून विणायचं सावलीत. सकाळी पान ओलं असतं, संध्याकाळी कडक होतं, म्हणून विणायचं अकरा ते चार.

मी मांडवात बसलो. पण मी सावलीत बसणार आणि निवडून झाल्यावर ह्या बायका समोर वाडीत उन्हात राबणार, हे मला जमेना. असा मालक मी नाही. म्हणून कामाची वेळ बदलली. पहाटे सहाला सुरू, अकराला बंद, चारला पुन्हा. मजुरी तीच. बायका मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आडव्या व्हायच्या. लाडकी सगळ्यात आधी झोपायची.

चारला उठली की ती माझं काम हातात घ्यायची, बोटाने दाबायची आणि चार ओळी उसवायची.

"ढिलं झालं."

असा सगळा मे गेला. मी विणायचो, ती उसवायची. एकदा मी चिडून म्हटलं, तुझी आई एवढी घट्ट विणायची काय? ती म्हणाली, आई दोन दिवसांत करायची, पण तिला हात होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. तिने भिंग लावलं, बराच वेळ कान पाहिला. डाग वाढला नव्हता. सालं निघायची थांबली होती. आत्ता कापायचं कारण नाही म्हणाली, पण ऊन टाळायचं आणि सहा महिन्यांनी दाखवायचं.

मग विचारलं, "काका, नेमकं काय केलंत?"

"इरलं."

तिने स्मिताकडे पाहिलं. स्मिताने खिडकीबाहेर पाहिलं.

त्याच संध्याकाळी लाडकीने माझं काम दाबून पाहिलं आणि पहिल्यांदा एकही ओळ उसवली नाही.

पाऊस लागला, भाताची रोपं हातभर झाली, आवणीचा दिवस ठरला. सकाळी मी इरलं दोन्ही हातांनी लाडकीला दिलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं, मांडवात माझ्या बसायच्या जागेवरच्या खुंटीला अडकवलं. मग पिशवीतून निळा प्लास्टिकचा रेनकोट काढला, अंगावर चढवला आणि शेतात उतरली.