पाच संगणकांचा मालक

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारागिराला सगळे 'थोडंसं' म्हणूनच ओळखत. कवळी तोंडात चपखल बसली, गिऱ्हाईक आरशात बघून हसलं, तरी हा निळा कागद दातांखाली चावायला लावायचा, डाग उमटेल तिथे बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "थोडंसं घासू अजून." मग ती बसलेली कवळी हलायला लागायची.

घरी त्याच्याकडे एकच संगणक, तोही एका दवाखान्याने टाकून दिलेला. त्यावर त्याने लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली चढवली होती, आणि वर अभिमानाने. दर रविवारी चारला तो आणि दोन गल्ल्या पलीकडची त्याची ताई आपापल्या घरून होड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत. एका होडीत दोघं. एक जण गैरहजर राहिला की होडी बाद. अकरा आठवडे वल्ही मारून दोघं अंतिम शर्यतीत पोचले होते. सत्तरीच्या ताईने जन्मात पहिल्यांदाच कशाची तरी अंतिम फेरी गाठली होती आणि सगळ्या इमारतीला तसं सांगूनही ठेवलं होतं.

त्या रविवारी तीनला त्याने खेळ लावून पाहिला. झकास चालला. फक्त पाणी जरासं अडखळत होतं.

खेळ मुळात दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेला. लिनक्सवर तो एका दुभाष्या प्रोग्रॅमच्या मदतीने चालायचा, आणि त्या दुभाष्याच्या आवृत्त्या ढीगभर. "थोडंसं," असं पुटपुटत त्याने आवृत्ती बदलली. पाणी सुधारलं, आकाश बिघडलं. पुन्हा बदलली. आकाश सुधारलं, वल्ही गायब. पाचव्यांदा बदलली तेव्हा होडीच आली नाही, दोन ओळी आल्या: "आपण आज पाच वेगवेगळ्या संगणकांवर हा खेळ सुरू केला आहे. कृपया चोवीस तासांनी प्रयत्न करा."

चोरी होऊ नये म्हणून कंपनीने खेळात पहारेकरी बसवला होता. दुभाष्या बदलला की त्या शहाण्याला संगणकच बदलल्यासारखा वाटे. पहिली आवृत्ती परत लावली, तरी तो ढिम्म.

बायकोने मागून वाचलं. "पाच? उरलेले चार कुठल्या बायकोकडे ठेवलेत?"

"अगं, हाच तो एक. त्याला वाटतंय..."

"चला, कुणाला तरी तुम्ही श्रीमंत वाटलात."

तो तसाच ताईकडे धावला. तिच्या संगणकावर स्वतःचं नाव टाकून पाहिलं. पहारेकऱ्याच्या लेखी हा आणखी एक नवा संगणक; पुन्हा त्याच दोन ओळी.

"तीनला चालत होतं ना?" ताईने विचारलं.

"हो."

"मग हात कशाला लावलास, मेल्या?"

"पाणी अडखळत होतं गं."

"अडखळू द्यायचं. मी रोज जिन्यात अडखळते, मला बदलतं का कोणी?"

चार वाजले. पडद्यावर बाकीच्या होड्या निघाल्या, यांची बाद. तेवढ्यात शेजारीण दारात आली. "काय, जिंकलात का?"

ताईने सावकाश चष्मा काढला. "नाही बाई. माझ्या भावाकडे पाच संगणक निघाले."

"अरे वा," शेजारीण म्हणाली, आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच आदराने बघू लागली.

ताईला हसू आवरेना. हसताना तिची वरची कवळी टकटक वाजली. कवळी त्यानेच केलेली. त्याचे कान टवकारले.

"ताई, वाजतेय ती. काढ बघू, थोडंसं..."

ताईने तोंड घट्ट मिटलं आणि शेजारणीला नुसत्या मानेनेच आत बोलावलं.