नाटकातली फिट

त्या वर्षी गणपतीत पनवेलच्या मंडळाने इस्पितळाचं नाटक बसवलं. त्यात कमळाकर फेफऱ्याचा रोगी झाला. तो खाटेवरून असा कोसळला, की नेऱ्याहून आलेली त्याची होणारी सासू हौसाबाई रंगमंचावर चढली आणि तिने चप्पल त्याच्या नाकाशी धरली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, लग्न मोडलं.

कमळाकर तडक नेऱ्याला गेला. "मावशी, ते नाटक होतं!"

"मला शिकवू नको. तोंडाला फेस व्हता."

"साबणाचा!" त्याने तिच्याच मोरीतला साबण घेऊन अंगणात पुन्हा फिट आणली आणि मध्येच उठून विचारलं, "अजून करू?"

"म्हंजे आजारी नाय, लबाड हाय," हौसाबाई म्हणाली. "मंग चालंल." तिने आत वळून लेकीला चहा ठेवायला सांगितलं.