कापराची गाठ

कपाट आवरताना ह्यांच्या कोटाच्या खिशात रुमाल सापडला. कोपऱ्याला मी मारलेली गाठ अजून तशीच घट्ट होती. सोडवली, तर आत काहीच नव्हतं. कापूर केव्हाच उडून गेला होता.

हिमालयातल्या त्या देवळाकडे निघताना आमच्या अख्ख्या ग्रुपने असा कापूर बांधून घेतला होता. वर दम लागला की हुंगायचा, म्हणजे प्राणवायू मिळतो, असं सगळेच सांगत होते. मुक्कामी पोहोचल्यावर ह्यांना खोकला सुरू झाला, बसल्या जागी धाप लागू लागली. "अगं, आपण खाली जाऊ या," हे म्हणाले. मी गाठ त्यांच्या नाकाशी धरली. "अहो, हुंगा, बरं वाटेल. उद्या दर्शन घेऊनच उतरू."

सकाळी खोकल्यातून गुलाबी फेस आला. तिथले डॉक्टर म्हणाले, "हवा विरळ झाली की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. आत दाब वाढतो, बारीक वाहिन्या पाझरू लागतात आणि हवेच्या जागी पाणी भरतं. कालच खाली न्यायला हवं होतं."

माणूस नदीत बुडतो, विहिरीत बुडतो, एवढंच मला ठाऊक. कोरड्या अंथरुणात, माझा हात धरून, तो आतल्या आत बुडत होता. आणि मी त्याला कापूर हुंगवत होते.

रिकामा रुमाल नाकाशी नेला. वास अजून होता. मी छाती भरून श्वास घेतला. किती सहज गेला तो आत!