बांधावरच्या बाईची साडी

झोडपून झालेल्या इंद्रायणी भाताच्या पेंढ्याचा गोडसर वास आणि घडी न मोडलेल्या नव्या साडीच्या खळीचा वास एकत्र आला, की औंढ्यातली मार्गशीर्षातली ती सकाळ माझ्यासमोर उभी राहते, आणि त्या ओसरीवर आलेलं कोवळं ऊन अजूनही माझ्या हातांवर आहे असं वाटतं.

ओसरी गावातल्या सर्वांत मोठ्या जमीनदार घराण्याची होती. त्या घराण्याच्या दोन पाती, म्हणजे दोन शाखा, थोरली आणि धाकटी. त्यांच्या विहिरीजवळच्या बांधावर, करंजाखाली, शेंदूर लावलेला एक दगड आहे. घरात लग्न निघालं की पहिली साडी त्या दगडाला. फार पूर्वी विहिरीत गेलेली ती घरची सून, असं सगळे सांगत. पण सून कोणत्या पातीची? जिची सून, तिचा साडीचा मान. या मानापायी थोरल्या पातीचे आबा आणि धाकट्या पातीचे भाऊ, हे दोघे चुलतभाऊ, एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हते. त्यात भाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि जुन्या पेटीत एकोणिसाव्या शतकातला मोडी कागद सापडला. मोडी वाचणारी गावात मी एकटी. कॉलेजात शिकले होते.

आमची वस्ती वेशीबाहेरची. या घराच्या खाचरांत आईनं आयुष्यभर भात लावला, पण ती ही ओसरी कधी चढली नाही. मला मात्र खुर्ची दिली होती. दहावीच्या पेपराला एसटी चुकली तेव्हा याच आबांनी मला स्कूटरवर बसवून लोणावळ्याला पोचवलं होतं. त्या दिवशी ते मागे वळून म्हणाले होते, "घट धर, पोरी. पेपर काय पळून जात न्हाई." माझ्या पदवीच्या कागदावर दिसत नसली, तरी ती स्कूटर त्यात आहे.

"वाच, पोरी," आबा म्हणाले. "आमचीच सून ती. आता हेंचं त्वांड बंद हुईल."

"आबा, कागदाला बोलू द्या की," भाऊ हसले. "लगीन लागायच्या आदीच अक्षता कशाला टाकताय?"

मी आधी मनात वाचलं. ती कुणाचीच सून नव्हती. ज्या दोन भावांपासून या पाती निघाल्या, त्यांतल्या थोरल्याचा तिच्यावर जीव होता, आणि वाटणीच्या तोंडावर धाकट्यानं ते वडिलांना सांगितलं होतं. पाटीलकी राखायची म्हणून थोरल्यानं लिहून दिलं होतं, की त्या बाईचा आणि माझा काही संबंध नाही. पुढे तिनं विहीर जवळ केली. घराला बाधा होऊ नये म्हणून बांधावर दगड ठेवावा, लग्नकार्यात साडी द्यावी, आणि ती कोण हे कुणाला सांगू नये, असं वडीलधाऱ्यांनी खाली नोंदलं होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं. वस्तीचं होतं. आमच्या वस्तीला तेव्हा जे म्हणत, तेच.

एक ओळ गाळली असती तर कुणाला कळलं नसतं. आबांचा मान राहिला असता. मला स्कूटरचं ते थरथरणारं हँडल आठवलं, आणि त्याच वेळी खाचरात वाकलेली आईची पाठही. मी सगळं वाचलं, वस्तीच्या नावासकट.

अंगणातल्या कोंबड्या भात टिपत होत्या. मग भाऊ आबांकडे न बघता म्हणाले, "म्हंजी आपली न्हवंच ती."

"न्हवं," आबा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आबा उठले, लग्नाआधी त्या दगडाला द्यायला आणलेली हिरवी साडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. "तुमची हाय ती, पोरी. तुमीच न्या." आतून दोन कप चहा आला, आणि ते दोघे एकमेकांशेजारी बसून प्याले.

मी साडी छातीशी धरून बांधावरून निघाले. हा मान मला मिळाला, असं प्रथम वाटलं, आणि मी खरोखरच भारावले होते. करंजापाशी, त्या दगडासमोर, मी थांबले. इतकी वर्षं दोन्ही पाती जिच्यासाठी भांडल्या, तिला आज, ती कोण हे कळताच, त्यांनी एका शब्दात घराबाहेर काढलं होतं. आणि या वेळी तिला बाहेर नेणारे हात माझे होते.

घरी आई तांदूळ निवडत होती. साडीकडे बघून तिनं विचारलं, "कुनाची गं?"

साडी अजून माझ्या कपाटात आहे. घडी मोडलेली नाही. आईला काय सांगावं, ते मला अद्याप सुचलेलं नाही.