असिलकान एजे आणि घरटी सतरा सोम

नारीन शहरातल्या कॉलेजात आमच्या हिशेबशास्त्राच्या वर्गात आम्ही एकवीस जण होतो. वीस जण सतरा-अठरा वर्षांचे आणि एकविसावी असिलकान एजे, बेचाळीस वर्षांची. पहिल्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून, इस्त्रीचा काळा कोट घालून ती आत आली तेव्हा नव्या बाई आल्या समजून आम्ही सगळे उठून उभे राहिलो. ती म्हणाली, "बसा रे. मीपण शिकायलाच आलेय." आणि माझ्या शेजारी येऊन बसली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

मला तेव्हा लाज वाटली, हे कबूल करते. ही पेरिझात आईला घेऊन कॉलेजात येते, असं मैत्रिणी मला चिडवायच्या. सगळे तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. मी सुरुवातीचे दोन आठवडे तिच्याशी बोललेच नाही. तिने त्याचं काही मनावर घेतलं नाही. डब्यातले बोर्सोक रोज आमच्या दोघींच्या मध्ये ठेवायची आणि स्वतः खायला लागायची. तळलेल्या कणकेचा तो वास आला की माझा हात आपोआप पुढे जायचा. आमची मैत्री अशी पोटातून सुरू झाली.

ती का आली होती, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिचं गाव ताश-बेलेस, शहरापासून दोन तास वर डोंगरात. सत्त्याऐंशी घरं. पूर्वी सगळे ओढ्याचं पाणी प्यायचे आणि दर वसंतात पोरं काविळीने पिवळी पडायची. मग कुठल्याशा परदेशी संस्थेने बोअर खणून पंप फुकट बसवून दिला. गल्लीगल्लीत नळ आले. दर महिन्याला घरटी साठ सोम पाणीपट्टी ठरली आणि ती गोळा करायचं काम असिलकान एजेकडे आलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि ती कुणाची मिंधी नव्हती. आठ वर्षं तिने वही लिहिली. विजेचं बिल, पंप चालवणाऱ्याचा पगार, एखादा वॉशर, सगळं त्यात होतं. एका सोमचाही फरक कधी आला नाही.

आणि एका जानेवारीत पंप बंद पडला. मोटार जळाली होती, नळी झिजली होती, नवा घ्यावा लागणार होता. किंमत एक लाख चाळीस हजार सोम. गल्ल्यात होते तीन हजार. गावाने अडतीस दिवस कुऱ्हाडीने बर्फ फोडून ओढ्याचं पाणी आणलं. शेवटी दोन घरांमागे एक मेंढी विकून पंप घेतला. पण त्या अडतीस दिवसांत लोक बोलायचं ते बोलले. सेयित आबा नावाचे गावातले एक वजनदार म्हातारे. त्यांनी शाळेच्या दालनात सगळ्यांसमोर विचारलं, की आठ वर्षं आम्ही पैसे भरले, ते गेले कुठे? एजेने वही पुढे केली. पान न् पान बरोबर होतं. पण मग पंपाला पैसे का नाहीत, याचं उत्तर त्या वहीत नव्हतं. तिच्याकडेही नव्हतं.

"चोर म्हणाले त्याचं एवढं लागलं नाही," ती मला म्हणाली होती. "मी चोर नाही, हे मला माहीत होतं. पण माझंच मला उत्तर देता येईना, ते लागलं."

त्याच वर्षी शरदात तिने कॉलेजात नाव घातलं. कुबात हा तिचा नवरा, घोडे राखायचा. त्याने आधी थट्टा केली, की आता हिची शाळा सुटेपर्यंत मी चुलीपाशी बसणार. पण स्वतःची एक घोडी विकून फी त्यानेच भरली. पाच दिवस ती शहरात मावशीच्या घरी राहायची. शनिवारी मार्शरुत्काने, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसने, गावी जायची, पाणीपट्टी गोळा करायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायची.

शिकणं तिला सोपं गेलं नाही. नावे आणि जमा यांनी तिचा जीव काढला. हातात पैसे आले की ते जमेला, गेले की नावे, असं आठ वर्षं तिच्या हाताने लिहिलं होतं. इथे दुहेरी नोंदीत गल्ल्यात आलेला पैसा रोकड खात्याच्या नावे पडायचा. तिची पेन्सिल प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला जायची. पहिल्या चाचणीत पाचपैकी दोन गुण पडले, वर्गात सर्वांत कमी. शिकवायला एर्मेक आगाय, म्हणजे एर्मेक सर, होते, अठ्ठावीस वर्षांचे. वयाने मोठ्या बाईला नापास केलं म्हणून ते स्वतःच अवघडले आणि तोंडी परीक्षा घेऊन गुण वाढवू का, असं त्यांनी हळूच विचारलं.

एजे म्हणाली, "नको, आगाय. दोनच राहू द्या. मला गुण नकोत, मला कळायला हवंय."

त्यानंतर महिनाभर ती एकेक उदाहरण पाच-पाच वेळा लिहून काढत होती. किर्द, खतावणी, तेरीज, पुन्हा किर्द. मी एकदा करून पळायचे. दुसऱ्या चाचणीत तिला तीन पडले, तिसरीत चार. मला तिन्ही वेळा चारच.

फेब्रुवारीत आगायनी घसारा शिकवायला घेतला. फळ्यावर त्यांनी पिठाच्या गिरणीचं उदाहरण मांडलं. गिरणी दहा वर्षं चालणार असेल, तर तिच्या किमतीचा दहावा भाग दर वर्षी खर्च म्हणून लिहायचा, जरी त्या वर्षी खिशातून काही गेलं नाही तरी. आम्ही मान खाली घालून उतरवून घेत होतो. एजे उभी राहिली.

"आगाय, गिरणी फुकट मिळाली असेल तर?"

"फुकट मिळाली तरी झिजते ना, एजे. पुढची फुकट मिळेलच असं नाही."

ती खाली बसली. पुढचा अर्धा तास तिने एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, बरं वाटत नसेल. मग तिने वहीच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. एक लाख चाळीस हजार भागिले आठ. आलेलं उत्तर भागिले सत्त्याऐंशी, मग भागिले बारा. ते पान तिने माझ्याकडे सरकवलं.

"सतरा सोम," ती म्हणाली. "महिन्याला घरटी सतरा. दीड पावाचे पैसे गं, पेरिझात."

तिचे डोळे भरले होते, पण चेहरा मोकळा दिसत होता. एका वर्षाचं कोडं सुटलेल्या माणसाचा दिसावा तसा.

मे महिन्यात तिने गावाची बैठक बोलावली आणि फळ्यावर आकडे लिहायला मला बरोबर नेलं. दालन भरलं होतं. सेयित आबा पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मला वाटलं, एजे आता सगळ्यांना सुनावणार. तिची बाजू खरी होती, कागद हातात होते. पण तिने सुरुवातच वेगळी केली.

"पैसे मी खाल्ले नाहीत," ती म्हणाली. "पण चूक माझीच होती. पंप रोज थोडा थोडा झिजत होता आणि मी ते वहीत लिहिलंच नाही. मला येत नव्हतं. आता येतं. म्हणून पाणीपट्टी साठाची सत्त्याहत्तर करा, असं मागायला आलेय."

कुरबुर सुरू झाली. आबा म्हणाले, "म्हणजे जो खर्च झालाच नाही, त्याचे पैसे आजच द्यायचे?"

"आबा, तुमचा तांबडा घोडा किती वर्षांचा झाला?"

"चौदा."

"पाचव्या वर्षी घेतलात ना? तेव्हाच्या किमतीला आज विकाल?"

"कोण घेईल? दात बघूनच पळतील."

"मग मधले पैसे कुठे गेले? कुणी चोरले?"

दालनात हशा पिकला. आबा हसले नाहीत. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "माझ्याच बुडाखाली गेले."

पण ते एवढ्यावर गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. हे पैसे कुणा एकाच्या हातात नकोत, बँकेत ठेवा आणि दोन सह्यांशिवाय काढता येऊ नयेत, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या कुणाला त्यात अविश्वास दिसला असता. एजे म्हणाली, हेच मी मागणार होते, आणि दुसरी सही तुमची. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी फळ्यापाशी हातात खडू घेऊन उभी होते. जिला चोर ठरवलं गेलं होतं, तीच तसं ठरवणाऱ्याच्या हातात गल्ल्याची किल्ली देत होती. असं वागता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

एजेने दुसऱ्या वर्षी पाचपैकी चार गुण मिळवून डिप्लोमा पूर्ण केला. पहिली आली नाही. आगायनी तिला शहरातल्या एका दुकानात नोकरी बघून दिली होती, ती तिने घेतली नाही. पाच वर्षांनी पंपाची मोटार पुन्हा जळाली. दोन्ही सह्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. गावात त्याची फारशी चर्चाही झाली नाही, असं ती मला फोनवर सांगत होती, आणि तिच्या आवाजात मला अभिमान ऐकू येत होता.

मी आता बिश्केकला एका कंपनीचे हिशेब बघते. गेल्या उन्हाळ्यात तिला भेटायला गेले, तर ती घरी नव्हती. शेजारच्या पाच गावांचं पाणी-खातंही आता तीच तपासते. मी तिच्या मागोमाग त्यातल्या एका गावात गेले. तिथली हिशेब लिहिणारी पोरगी विशीची असेल. तेरजेच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळत नव्हती आणि ती रडकुंडीला आली होती. मला बोलणी खावी लागतील ना, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. एजेने तिच्यासमोर दुधाचा चहा ठेवला आणि चष्मा चढवला.

"आधी पी तो," ती म्हणाली. "कुठे अडलंय ते बघू दोघी मिळून. सरक जरा."

मग तिने मलाही हाताने खूण केली. मी दुसऱ्या बाजूने बसले. चूक सापडेपर्यंत जेवणाची वेळ झाली.